मनुबाईची प्लेट

५ नोव्हेंबर १९४६, मंगळवार

फौजेतून सुटून सहा महिने झाले, पण अंगात हुरूप आला तो आज. पाटणहून कऱ्हाडपर्यंत एका मोटारीने, पुढे दुसरीने आणि शेवटचे दोन मैल उसाच्या बैलगाडीवर बसून आलो. गाडीवानाने वाटेत दोन कांडी ऊस दिला. कुठे निघालास, म्हणाला. मी म्हटले, छातीच्या दवाखान्यात, नोकरीला. त्याने तिसरे कांडके हातात ठेवले आणि गाडी फाट्यावरच थांबवली.

दवाखाना आष्ट्याच्या बाहेर एका बंद पडलेल्या गुळाच्या वखारीत आहे. वीस खाटा, एक डॉक्टर, दोन नर्सबाई आणि आजपासून मी. भिंतींना अजून गुळाचा वास येतो, आणि वखार बंद झाल्याचे मुंग्यांना कोणी कळवलेले नाही. माझ्या ताब्यात प्रयोगशाळा आणि तिच्यामागची पडवी. सूक्ष्मदर्शक चांगला आहे. उबेची पेटी मात्र गावठी: लाकडी खोके, आतून पत्रा, खाली रॉकेलचा दिवा. माणसाच्या अंगाएवढी ऊब तिच्यात कायम ठेवायची, म्हणजे आतले जंतू वाढतात. इजिप्तमधल्या लष्करी दवाखान्यात हेच काम विजेवर चालायचे. इथे वात कापत बसावे लागणार. हरकत नाही.

तिथल्या कॅप्टनसाहेबांनी मला रोजनिशीची सवय लावली. पाहिले ते त्याच दिवशी लिहायचे, आणि डोके तापलेले असेल तर जेवून मग लिहायचे. यातला दुसरा भाग मला कधी जमला नाही. निघताना साळूअक्काही तेच म्हणाली, आप्पा, तिथे कुणाशी भांडू नको. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. अक्कानेच मला वाढवले. तिच्या हातची भाकरी आणि मार दोन्ही मी पोटभर खाल्ले आहेत.

तात्या म्हणजे इथले जुने लॅबवाले, मूळचे वाईचे. महिनाअखेरीला काम सोडून घरी जाणार आहेत. त्यांनी पेटी उघडून एक काचेची प्लेट दोन्ही हातांनी बाहेर काढली. झाकणावर मेणाच्या पेन्सिलीने लिहिले होते: मनुबाई. ही इथली रोगीण. श्रावणात न्यूमोनियाने गेली. तिच्या कफातले जंतू तात्यांनी रक्ताच्या प्लेटवर वाढवले, आणि तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी त्यातले थोडे उचलून ताज्या प्लेटवर ठेवतात. नाहीतर ते मरतात. मी म्हटले, फौजेत आम्ही खेचरे अशी पोसायचो. तात्या हसले नाहीत.

९ नोव्हेंबर, शनिवार

काम अंगवळणी पडले. पेनिसिलिनच्या कुप्या लढाईतल्या उरलेल्या मालातून येतात. थंडाव्यात ठेवायचे औषध, पण इथे पोचेपर्यंत किती उन्हे खाते देव जाणे. म्हणून प्रत्येक पेटीतली एक कुपी आधी तपासायची. प्लेटमध्ये रक्त घातलेली खळ थिजवायची, तिच्यावर मनुबाईचे जंतू पसरायचे, मधोमध एक भोक पाडून त्यात औषधाचे थेंब सोडायचे आणि प्लेट पेटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी जंतूंनी सगळे रक्त हिरवट केलेले असते. औषधात दम असेल तर भोकाभोवती तेवढे स्वच्छ तांबडे रिंगण उरते.

रक्त धुळा धनगराकडून घेतो. तो जतचा. पाऊस सरला की मेंढरे घेऊन कृष्णाकाठी उतरतो आणि लोकांच्या रानात बसवतो. मेंढीच्या मानेतून सुईने वाटीभर रक्त काढू देतो. मेंढी उठून चरायला लागते. धुळा अर्धे कानडी बोलतो, अर्धे मराठी, आणि दोन्हींत शिव्या देतो. आमचे जमले.

आज मनुबाईच्या प्लेटवर रुपयाएवढे रिंगण पडले. गंगाधर डॉक्टरांनी ते चष्मा वर करून पाहिले आणि अहवालावर लिहिले, ‘गुणकारी’. खाली माझी सही. सही करताना छाती फुगली, खोटे कशाला बोलू.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जेवलो नाही, आधी लिहितो. नऊ नंबरच्या खाटेवरचा उसाचा फडकरी सकाळी गेला. तीस-बत्तीसचा गडी, मांड्या अशा की खाटेवर मावेनात. पाच दिवस तीन-तीन तासांनी पेनिसिलिन टोचले. मी तपासलेले, मी सही केलेले.

परवाच मला शंका आली होती म्हणून त्याचा कफ घेऊन प्लेट लावली होती. तीच कुपी, तेवढेच थेंब. रिंगण पडले ते जोंधळ्याच्या दाण्याएवढे. ती प्लेट घेऊन डॉक्टरांपुढे उभा राहिलो. ते म्हणाले, माप तपासायचे तर शेर एकच लागतो. आज एक, उद्या दुसरा असे करून चालत नाही. मी म्हटले, साहेब, शेर एकच ठेवा, पण रोज मऊ भात चावून दात चणे फोडतात असे लिहू नका. ते साळसूद जंतू मनुबाईचे. हे या माणसाचे होते. प्रत्येक रोग्याचे वेगळे तपासू. डॉक्टर चहा पीत होते. कप खाली न ठेवताच म्हणाले, हवालदार, फौज संपली.

त्या गड्याची बायको व्हरांड्यात बसली होती. मला विचारत होती, औषध चांगले होते ना. मी होय म्हटले. त्या ‘होय’चा राग डॉक्टरांवर काढू की स्वतःवर, कळत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

एक उपाय सुचला आहे. आमच्या गावच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला रोज त्याच्यापेक्षा थोड्या जड गड्याशी लढवायचे. वर्षात पोरगा कुणाला हटेनासा व्हायचा. मनुबाईचे जंतू मी तसेच तयार करणार. रिंगणाच्या अगदी कडेला, औषधाच्या तोंडाशी जे टिकतात तेवढेच उचलायचे, नव्या प्लेटवर ठेवायचे आणि औषध थोडे वाढवायचे. पुन्हा तेच. डॉक्टरांचा लाडका शेर त्यांच्याच डोळ्यांपुढे फिरवून दाखवतो. जंतू शिकतात, हे त्यांना बघू दे. तात्यांना सांगितले. ते म्हणाले, तिला उगीच डिवचू नकोस.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल अमावास्या झाली. आज मनुबाईचा मुलगा आला. नाथाजी नाव, चाळिशीचा, डोक्याला मळकट पटका. चार मैल चालत आला होता.

त्याचे म्हणणे असे. आईच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. सगळे कबूल करून झाले. धाकट्याचे लग्न करीन म्हटले, भावाशी बोलीन म्हटले, तिची म्हैस विकणार नाही म्हटले. उन्हे डोक्यावर आली तरी कावळा लांबच. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक घरी गेले. पण त्याच्या मनाला ते पटले नाही. तेव्हापासून दर अमावास्येला तो नदीवर पान ठेवतो. कावळे येतात, बघतात, उडून जातात. आईचा जीव कशात अडकला हे शोधत आता इथे आला. तिच्या बांगड्या, लुगडे, तंबाखूची डबी सगळे परत दिले आहे, असे तात्यांनी त्याला सांगितले. तो उंबऱ्यातून हलेना. पेटीकडेच बघत होता.

“हितं तिचं काय तरी ऱ्हायलंय,” तो म्हणाला. “मेलेल्या मान्साचं ठिवून घिऊ ने, सायेब.”

तात्यांनी मान खाली घातली. मी त्याला सांगितले, काही राहिलेले नाही. त्याला जंतू म्हणजे काय ते कसे समजावणार? तो गेल्यावर मला इतका राग आला की वात कापताना बोट कापले. माणसे मरतात ती जुन्या औषधाने आणि खोट्या अहवालांनी, आणि हे कावळ्याला विचारत बसतात.

मनुबाईची तालीम झकास चालली आहे. रिंगण रुपयाचे चवलीवर आले.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी दोनला सगळा दवाखाना जेवून आडवा झाला होता. लॅबमध्ये मी एकटा. कुणीतरी खोकले. तीन आखूड, एक लांब, आणि शेवटी पाण्यात नळीने फुंकल्यासारखा आवाज. वॉर्डात जाऊन पाहिले, सगळे झोपलेले. परत आलो तर पुन्हा. आवाज खोलीतच होता. पेटीचे दार उघडले. मनुबाईच्या प्लेटच्या झाकणावर आतून वाफ धरली होती, आरशावर श्वास सोडल्यासारखी. बाकीच्या प्लेटी कोरड्या होत्या.

तात्या उद्या जाणार, म्हणून विचारले. ते म्हणाले, तीन आखूड आणि एक लांब ना? ती अशीच खोकायची. त्यांनी भाद्रपदात एकदा मुद्दाम नऊ दिवस प्लेट बदलली नाही. जंतू मरायला हवे होते. मेले नाहीत. डॉक्टरांना सांगितले तर म्हणाले, उत्तम, चिवट आहेत, सांभाळा. म्हणून सांभाळले. मला संताप आला. मग त्या नाथाजीला का नाही सांगितले, विचारले. तात्या म्हणाले, तू तरी कुठे सांगितलेस?

धुळाही आज रक्त देईना. त्याच्या मेंढ्या लॅबच्या दारापाशी येताच मागे सरतात, एक तर दोरी तोडून पळाली. तो उद्या तळ हलवणार. मी बाही वर केली आणि माझ्याच दंडातले रक्त काढले. लष्करातही अडले की असेच करायचो. धुळा बघत होता.

“जेवाय घाटलं की पाव्हनं जात न्हाई, गड्या,” म्हणाला. “आदी मेंढराचं खाल्लं. आता तुजं खानार.”

४ डिसेंबर, बुधवार

अक्काला घेऊन आलो. पाटणहून निरोप आला होता, आठ दिवस ताप आहे आणि बरगडीत कळ येते. गाडीत माझ्या मांडीवर डोके ठेवून होती आणि तशातही मला ओरडत होती, वाळलास म्हणून. सात नंबरची खाट, खिडकीजवळची.

तिच्या कफाची प्लेट लगेच लावली. डॉक्टर काय म्हणतील याची पर्वा केली नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

अक्काच्या प्लेटवर बांगडीएवढे रिंगण! एवढे मोठे इथे पाहिले नव्हते. तिचे जंतू औषधापुढे उभेच राहत नाहीत. ताप उतरतो आहे. आज आंबील प्यायली आणि नर्सबाईला सांगत होती, याच्या लहानपणी याला राग आला की हा रांजणात तोंड घालून ओरडायचा. ती बरी होणार. पुन्हा लिहितो, ती बरी होणार.

मनुबाईच्या प्लेटवर आता रिंगणच नाही. हिरवे पार भोकाच्या कडेपर्यंत गेले आहे. माझ्या रक्तावर ती फारच जोमाने वाढते. दुपारचा खोकला आता रोजचा झाला. मी लक्ष देत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

आज दाखवले एकदाचे. औषधाची नवी पेटी आली होती. डॉक्टरांनी मला बोलावून अहवाल पुढे केला. त्यावर ‘गुणकारी’ आधीच लिहिलेले. प्लेट न बघता! माझ्या डोक्यात तिडीक गेली. उबेच्या पेटीतून मनुबाईची प्लेट उचलली आणि तशीच वॉर्डात घेऊन गेलो. डॉक्टर फेरीवर होते, अक्काच्या खाटेशी उभे. मी झाकण काढले आणि प्लेट त्यांच्या नाकाखाली धरली. म्हटले, हा तुमचा शेर. याला तुमचे औषध शिकवून ठेवले आहे. आता लिहा गुणकारी.

त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि माझा हात झटकला. प्लेट खाली पडून फुटली. मी फिनेलने फरशी पुसली, तुकडे वेचले, हात धुतले. डॉक्टरांचे तोंड पांढरे पडले होते. मला बरे वाटत होते. लढाई जिंकल्यासारखे वाटत होते.

अक्का मात्र नाराज झाली. “राग काय भाकर हाय व्हय रं, सारका वाडाय?” म्हणाली. मी हसलो.

११ डिसेंबर, बुधवार

अक्काला पुन्हा ताप. एकशे चार. औषध तेच, मात्रा दुप्पट केली.

दुपारी दोनला ती खोकली. मी दाराशी होतो. तीन आखूड. एक लांब. मग तो पाण्यातला आवाज.

झाकण मी काढले होते. तिच्या खाटेजवळ, तिच्या तोंडापासून दोन हातांवर. फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात की झाकण काढायचे नाही. मी काढले. राग आला होता म्हणून.

१२ डिसेंबर

तिच्या कफाची प्लेट पाहिली. रिंगण नाही. हिरवे थेट भोकाच्या कडेपर्यंत. शुक्रवारची बांगडी कुठे गेली? हे अक्काचे जंतू नाहीत. हे मी तयार केलेले आहेत.

ती मला ओळखत नाही. नाथा म्हणते. नाथा, म्हशीला पाणी दाखव. आमच्या घरी म्हैस नाही. नाथाजीचे नाव मी तिच्यापाशी कधी काढलेले नाही.

डॉक्टर म्हणतात, वातात माणूस काहीही बडबडतो. त्यांना काही झाले नाही. रुमाल वेळेवर लावला ना!

१४ डिसेंबर

अक्का गेली. सकाळी नऊ वाजता.

शेवटी डोळे उघडून माझ्याकडे बघितले. कोण बघत होते, सांगता येत नाही.

१५ डिसेंबर

डॉक्टरांनी कागदावर लिहिले, हृदय अशक्त होते. अशक्त! पंचवीस वर्षे डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणणारी बाई. कागद फाडला. त्यांनी दुसरा लिहिला. त्यांच्या तोंडावर थुंकावेसे वाटले. थुंकलो नाही. आता थुंकायची भीती वाटते.

सगळ्या प्लेटी तासभर उकळल्या. उबेची पेटी अंगणात जाळली. पत्र्यातून खोकल्याचा आवाज येत होता. पत्रा तापला की वाजतो, मला ठाऊक आहे. पण असा, मोजून नाही.

नाथाजीला निरोप धाडला. सगळे सांगितले. तुझ्या आईचे इथे राहिले होते, मी खोटे बोललो. आता काही नाही. अमावास्येला घाटावर ये. त्याच दिवशी माझ्या अक्काचा दहावा आहे.

२३ डिसेंबर, अमावास्या

कृष्णेचा घाट. दोन पाने शेजारी-शेजारी. नाथाजीच्या आईचे आणि माझ्या अक्काचे. सकाळचे आठ. कावळे भरपूर.

मी म्हटले, अक्का, राग सोडतो. तुझी शपथ, सोडला. याहून मोठे माझ्याकडे काही नव्हते.

एक कावळा उतरला. पानांभोवती फिरला. शिवला नाही. दोन्हीकडे नाही. मग उड्या मारत माझ्याकडे आला. अगदी पायाशी. मान तिरपी करून माझ्या छातीकडे बघत राहिला.

सगळे उकळले होते. सगळे जाळले होते. मग कुठे—

नाथाजीने पाहिले. खाली वाकला आणि माझ्या पायांना हात लावले. आईच्या लावतात तसे.

तेवढ्यात खोकला आला मला. तीन आणि

२४ डिसेंबर

काल माझा कफ, माझेच रक्त. प्लेट उबेला पोटाशी बांधून निजलो. शेवटची कुपी होती, ती पूर्ण ओतली. आज पाहिले. भोकाच्या कडेपर्यंत हिरवे.

डॉक्टर पुण्याला गेले. जाताना औषधाच्या त्या नव्या पेटीचा अहवाल घेऊन गेले. गुणकारी. खाली माझी सही आहे. मी कधी केली? अक्षर माझेच—

दार आतून लावले. तोंडाला फडके. खिडकीच्या फटी बंद. नर्सबाईला ओरडून सांगितले, कुणी येऊ नका, मेल्यावर सगळे जाळा, ही वहीसुद्धा. उकळून उपयोग नाही. जाळा.

२५ डिसेंबर

ताप. किती ते बघितले नाही.

ती खोकते तेव्हा माझ्या बरगड्या दुखतात.

नाथाजी दाराशी आला आहे. सकाळपासून. जा म्हणतो, जात नाही. त्याच्या घरात तीन पोरे आहेत, म्हातारा चुलता आहे, अख्खी आळी आहे. हे औषधाला दाद देत नाही. दार उघडायचे नाही. आप्पासो, दार उघडायचे नाही.

तो ओरडतही नाही. फळीला तोंड लावून हळूच म्हणतो, “आय, चल घरला. भाकर केलीया.”

नाही.

मी कॉटवर होतो. दाराशी कधी आलो? वही हातात आहे. कडीही हातात—

अक्का, हात धर. पूर्वी धरायचीस तसा माझा हात

लई दिस झालं रं नाथा. हितं लई उकडतंय, लोकाचं रगत खाऊन जीव इटला. थांब, आलेच. कडी जड हाय जरा, तू भायरनं ढकल त